अमेरिकेंतील विद्यार्थ्यांचीं भ्रातृमंडळें

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हे गृहस्थ वीस-बावीस वर्षांपासून अमेरिकेंत स्थायिक असून त्यांचे चिरंजीव नुकतेच तिकडील एका विद्यापीठांत दाखल झाले आहेत. पत्रांत क्षेमकुशल थोडें आणि काळजी फार. “सर,” ते लिहितात, “मुलाला एका फ्रॅटर्निटीचें बोलावणें आलें आहे. थोड्याच दिवसांत होकार किंवा नकार कळवावयाचा आहे. आम्ही इकडे आलों तें पदवी घेऊन, वरच्या शिक्षणासाठीं. त्यामुळें हा प्रकार आम्हीं दुरूनच पाहिला. ही तालीम समजावी, क्लब समजावा, वसतिगृह समजावें, कीं गुप्त मंडळी? मुलाच्या आईनें वर्तमानपत्रांत कांहीं भयंकर वाचलें आहे आणि तिला झोंप नाहीं. आपण इतिहास शिकवितां, आपणच सांगा.”

उत्तर आम्हीं त्याच रात्रीं लिहिलें. परंतु लिहितां लिहितां ध्यानांत आलें कीं, ह्या संस्थेचा इतिहास आपल्याकडील सुशिक्षितांनाहि फारसा ठाऊक नाहीं. आज महाराष्ट्रांतील कितीतरी मध्यमवर्गीय घरांतील मुलेंमुली तिकडे शिकत आहेत, आणि तिकडेच जन्मलेलीं आपलीं नातवंडेंहि आतां कॉलेजांत पोंचलीं आहेत. त्यांच्या वडील माणसांना उपयोगीं पडेल म्हणून तें उत्तर थोडें विस्तारून येथें देत आहों.

‘फ्रॅटर्निटी’ हा शब्द लॅटिन ‘फ्रातेर’ म्हणजे भाऊ ह्यावरून आला. आम्ही त्यास भ्रातृमंडळ म्हणूं. मंडळाचें नांव बहुधा दोन किंवा तीन ग्रीक अक्षरांचें असतें, आणि तीं अक्षरें एखाद्या गुप्त ग्रीक ब्रीदवाक्याचीं आद्याक्षरें असतात. त्या वर्णमालेंतील एका अक्षराचा इंग्रजी उच्चार ‘काय’ असा होतो. त्यामुळें ‘सिग्मा काय’ किंवा ‘काय साय’ हीं नांवें मराठी कानाला प्रश्नार्थक वाटतील, पण तीं जुनीं व वजनदार मंडळें आहेत. सभासदांना तिकडे सरसकट ‘ग्रीक’ म्हणतात. त्यांतील बहुतेकांना अल्फा-बीटाच्या पलीकडे ग्रीक येत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

आरंभ झाला तो मात्र खऱ्या विद्याव्यासंगांतून. ५ डिसेंबर १७७६ रोजीं व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें, विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पांच विद्यार्थ्यांनीं ‘फाय बीटा कॅप्पा’ हें मंडळ स्थापिलें. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून पुरते सहा महिनेहि झाले नव्हते. गांवांतील ‘रॅले टॅव्हर्न’ नांवाच्या पांथशाळेंत हे तरुण जमत, अशी परंपरा आहे. ब्रीदवाक्याचा अर्थ असा कीं, तत्त्वज्ञान हा जीवनाचा कर्णधार होय. शपथ, हस्तांदोलनाची सांकेतिक पद्धत, चांदीचें पदक आणि गुप्तता हा सारा सरंजाम तेव्हांपासूनचा आहे.

गुप्तता कशासाठीं, हें समजण्यास त्या काळचें कॉलेज डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. पहाटे प्रार्थना, मग लॅटिन व ग्रीक. शिक्षकानें पाठ नेमून द्यावा, विद्यार्थ्यानें दुसऱ्या दिवशीं तो म्हणून दाखवावा. आपल्या जुन्या पाठशाळेचा विद्यार्थी तेथें बुजला नसता. चालू काळच्या प्रश्नांवर मतभेद मांडण्यास वर्गांत जागा नव्हती. ती जागा ह्या मुलांनीं दाराला कडी लावून निर्माण केली. त्यांच्या वादविषयांत आफ्रिकी लोकांची गुलामगिरी न्याय्य आहे काय, हाहि एक विषय होता. आणि हा वाद ज्या प्रांतांत चालला होता त्याची सारी शेती गुलामांच्या श्रमावर उभी होती. आपल्याकडे गुप्त मंडळी म्हटली कीं बॉम्ब आणि पिस्तुलें आठवतात. येथें गुपित होतें तें निबंध वाचण्याचें व मोकळें बोलण्याचें. १७८१ च्या आरंभीं इंग्रजांचें सैन्य जवळ आलें, कॉलेज बंद पडलें, आणि पन्नास सभासदांनंतर हें मूळ मंडळ मिटलें. परंतु एलिशा पार्मेली नांवाच्या सभासदानें तत्पूर्वींच येल व हार्वर्ड येथें शाखा काढण्याच्या सनदा उत्तरेकडे नेल्या होत्या, आणि वेल तिकडे लागली.

ह्या पहिल्या मंडळाची पुढील कथा येथेंच सांगून टाकूं. १८२६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत फ्रीमेसनांचीं गुपितें छापावयास निघालेला विल्यम मॉर्गन नांवाचा मनुष्य एकाएकीं नाहींसा झाला; त्यावरून गुप्त मंडळ्यांविरुद्ध देशभर रान उठलें. त्या वादळांत १८३१ मध्यें हार्वर्डच्या शाखेनें गुप्तता टाकली. तेव्हांपासून फाय बीटा कॅप्पा ही केवळ विद्वत्तेच्या गौरवाची संस्था बनली. तींत अर्ज करतां येत नाहीं. उत्तम अभ्यास करणाऱ्यास ती आपण होऊन निवडते. १८३७ मध्यें इमर्सननें अमेरिकन विद्वानाविषयींचें आपलें गाजलेलें व्याख्यान दिलें तें ह्याच संस्थेच्या वार्षिक सभेपुढें. १९२९ मध्यें हार्वर्डची पदवी घेतांना आपले दामोदर धर्मानंद कोसंबी हे ह्या संस्थेंत निवडले गेले होते, हें मराठी वाचकांस कळल्यास आनंद होईल.

आमच्या मित्राच्या मुलाला आलेलें बोलावणें ह्या शाखेचें नव्हे. तें दुसऱ्या शाखेचें, आणि तिचा उगम न्यूयॉर्क संस्थानांतील स्केनेक्टडी गांवच्या युनियन कॉलेजांत आहे. तेथें १८२५ मध्यें ‘कॅप्पा अल्फा’ व १८२७ मध्यें ‘सिग्मा फाय’ आणि ‘डेल्टा फाय’ अशीं मंडळें निघालीं. ओहायोंतील मायामी विद्यापीठांत १८३९, १८४८ व १८५५ सालीं आणखी तीन निघालीं आणि पश्चिमेकडे पसरलीं. ह्यापूर्वीं कॉलेजांत वक्तृत्वसभा असत. प्रिन्स्टनमधील ‘व्हिग’ व ‘क्लिओसॉफिक’, येलमधील ‘लिनोनिया’ व ‘ब्रदर्स इन युनिटी’ ह्या सभांनीं स्वतःचे ग्रंथसंग्रह उभारले होते, आणि बहुतेक विद्यार्थी ह्या नाहीं तर त्या सभेंत असावयाचेच. नवीं मंडळें लहान असत, दहापंधरा जणांचीं. जेथें सर्वांना येतां येतें तेथें येण्याचा अभिमान वाटत नाहीं. जेथें थोड्यांनाच येतां येतें तेथें वाटतो. वक्तृत्वसभा हळूहळू ओस पडल्या, त्यांचे ग्रंथ कॉलेजच्या ग्रंथालयांत गेले. निबंध आणि वाद मागें पडले. शपथ, पदक आणि बंद दार तेवढें राहिलें. ह्या संस्थेच्या इतिहासांतील खरें वळण आमच्या मतें हेंच आहे. कडी लावली होती ती कांहीं बोलण्यासाठीं. पुढें कडी लावणें हेंच काम होऊन बसलें.

त्यांतच घरांची भर पडली. मिशिगन विद्यापीठांत ‘काय साय’ मंडळानें १८४६ च्या सुमारास ओंडक्यांची एक झोंपडी बांधली. भ्रातृमंडळाचें पहिलें घर म्हणून तिचा उल्लेख करतात. १८६२ च्या मॉरिल कायद्यानें सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर संस्थानोसंस्थानीं विद्यापीठें निघालीं; विद्यार्थी आले, पण त्यांना ठेवावयास वसतिगृहें पुरेशीं नव्हतीं. ती उणीव मंडळांनीं भरून काढली. जुने सभासद श्रीमंत झाले, त्यांनीं देणग्या दिल्या, झोंपडीच्या जागीं खांबांच्या हवेल्या उठल्या. संस्थाचालकांनीं मंडळें मोडण्याचे प्रयत्न अधूनमधून केले. पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध १८८२ मध्यें इंडियानाच्या वरिष्ठ न्यायालयानें विद्यार्थ्यांचा पक्ष उचलून धरला, तर १९१५ मध्यें मिसिसिपी संस्थानानें केलेली बंदी सुप्रीम कोर्टानें कायम केली. कायद्यानें हा प्रश्न कधींच पुरता सुटला नाहीं. जी संस्था शेंकडों विद्यार्थ्यांना छप्पर देते आणि जिचे माजी सभासद विद्यापीठाला लाखांच्या देणग्या देतात, तिला दम देणें सोपें असतें, घालविणें सोपें नसतें.

आतां प्रवेशाची रीत. टर्मच्या आरंभीं, कोठें कोठें दुसऱ्या सहामाहींत, ‘रश’ नांवाची धांदल कांहीं दिवस चालते. नवागत विद्यार्थी एकामागून एक घरें पाहत हिंडतात. खाणें होतें, खेळ होतात, गप्पा होतात. मुलाला वाटतें आपण घर पाहत आहों. प्रत्यक्षांत घर त्याला पाहत असतें. आपल्याकडील मुलगी दाखविण्याच्या समारंभाची ज्यांना आठवण होईल त्यांची कल्पना फारशी चुकीची नाहीं. मग सभासद एकत्र बसतात व एकेका नांवाचा विचार करतात. जुन्या काळीं पेटींत पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकीत, आणि पुष्कळ मंडळांत एक काळी गोटी निघाली तरी तें नांव बाद होई. कारण विचारावयाचें नाहीं, आणि सांगावयाचेंहि नाहीं. पसंत पडलेल्यास ‘बिड’ म्हणजे रीतसर निमंत्रण येतें. तें स्वीकारलें कीं तो ‘प्लेज’, म्हणजे वचनबद्ध उमेदवार. हल्लीं त्यास ‘नवा सभासद’ असें सौम्य नांव दिलें आहे. कांहीं आठवडे ही उमेदवारी चालते. ग्रीक मुळाक्षरें, संस्थापकांचीं नांवें, मंडळाचा इतिहास हें सारें पाठ करावें लागतें. छातीवर उमेदवारीचा बिल्ला असतो. वरच्या वर्गांतील एक सभासद ‘थोरला भाऊ’ म्हणून नेमून दिलेला असतो. शेवटीं दीक्षाविधि. हे विधि पुष्कळसे फ्रीमेसनांच्या वळणाचे असतात. ते गुप्त असले तरी त्यांत भिण्यासारखें फारसें नसतें. भय विधींत नाहीं, विधीच्या आधींच्या रात्रींत आहे, त्याविषयीं पुढें.

सभासद झाल्यावर दर सहामाहीस वर्गणी द्यावी लागते, आणि ती हलकी नसते. वडिलांनीं सही करण्यापूर्वीं आंकडा विचारावा. घरांत राहिल्यास जेवण तेथेंच. आठवड्याची सभा, अभ्यासांत किमान गुण राखण्याचा नियम, खेळांचे सामने, नाच-मेजवान्या आणि कांहीं परोपकाराचें काम असा कार्यक्रम असतो. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. वीस वर्षांचा मुलगा येथें तीस-चाळीस माणसांच्या भाड्याचा, किराण्याचा व दुरुस्तीचा हिशेब ठेवतो, भांडणें मिटवितो, सभा चालवितो. हें शिक्षण वर्गांत मिळत नाहीं हें आम्ही अध्यापक असूनहि कबूल करतों. आजारीपणांत उशापाशीं बसणारे आणि वीस वर्षांनंतर नोकरीसाठीं शब्द टाकणारे मित्र ह्याच घरांत मिळतात. थिओडोर व फ्रँकलिन हे दोघेहि रूझव्हेल्ट भ्रातृमंडळांचे सभासद होते. ज्या देशांत जात आणि गोत नाहीं असें आपण समजतों, तेथेंहि माणसाला गोत लागतेंच. तें नसेल तर तो तीन अक्षरांचें बनवून घेतो.

पण गोत म्हटलें कीं बेगोत आलाच. मॅसॅच्युसेट्समधील ॲम्हर्स्ट कॉलेजांत बहुसंख्य विद्यार्थी मंडळांत जात; जे राहत त्यांना ‘ऊडेन’ म्हणत. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘कांहीं नाहीं’ असा आहे. १८९१ च्या शरदांत तेथें व्हरमाँटच्या खेड्यांतला एक अबोल, लाजाळू मुलगा आला. त्याला कोणत्याहि घरानें बोलाविलें नाहीं. तीन वर्षें तो ऊडेन म्हणून राहिला. शेवटच्या वर्षीं, ‘फाय गॅमा डेल्टा’ची शाखा तेथें नव्यानें आलेली होती तिनें, त्याला घेतलें. तो मुलगा म्हणजे १९२३ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले कॅल्विन कूलिज. पुढें ते आपल्या मंडळाशीं निष्ठेनें वागले, मनांत कांहीं डूक ठेवला नाहीं. तो त्यांचा मोठेपणा.

कूलिजना निदान लाजाळूपणामुळेंच वगळलें होतें. दुसऱ्यांना वगळलें जाई तें कातडीमुळें किंवा धर्मामुळें. कित्येक मंडळांच्या घटनेंत सभासद गोरा व ख्रिस्ती असावा असें स्पष्ट कलम असे. १९४८ मध्यें ह्याच ॲम्हर्स्टमधील ‘फाय कॅप्पा साय’च्या शाखेनें एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतलें, तेव्हां मध्यवर्ती मंडळानें ती शाखाच काढून टाकली, मुलांनीं मुलगा सोडला नाहीं, नांव सोडलें, आणि ते स्वतंत्र राहिले. ह्या एका गोष्टीसाठीं ॲम्हर्स्टच्या त्या मुलांस आम्ही फाय बीटा कॅप्पाच्या मूळ पांच जणांचे खरे वारस समजतों.

ज्यांना दार बंद त्यांनीं आपलें दुसरें घर बांधलें. मुली कॉलेजांत आल्या तेव्हां त्यांनीं १८७० मध्यें इंडियानांत ‘कॅप्पा अल्फा थीटा’ काढलें. अशा मंडळांना पुढें ‘सोरॉरिटी’ म्हणजे भगिनीमंडळ हें नांव पडलें. (आपल्याकडील हळदीकुंकवाच्या भगिनीमंडळाशीं वाचकांनीं त्याची गल्लत करूं नये.) यहुदी विद्यार्थ्यांनीं १८९८ मध्यें ‘झीटा बीटा टाऊ’ काढलें. आणि १९०६ च्या ४ डिसेंबरला कॉर्नेल विद्यापीठांत सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीं ‘अल्फा फाय अल्फा’ची स्थापना केली. त्याचें कारण मोठें हृद्य आहे. १९०४-०५ सालीं तेथें असलेल्या सहा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकीं एकहि पुढल्या वर्षीं परतला नव्हता. राहावयास जागा नाहीं, बोलावयास माणूस नाहीं. मुलें एकटीं पडत आणि निघून जात. त्यांना टिकवावें, एकमेकांचा अभ्यास करून घ्यावा, म्हणून जमलेल्या ह्या टोळक्यांतून तें मंडळ उभें राहिलें. ड्यू बॉइस त्याचे सभासद होते; मार्टिन ल्यूथर किंगहि पुढें झाले. तीच ग्रीक अक्षरें, तीच शपथ. पण येथें तीं उसनीं घेतलेलीं असूनहि खऱ्या गरजेवर बसविलेलीं दिसतात.

आपल्या लोकांचा संबंध येथें येतो. १९१३ मध्यें डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत गेले तेव्हां आरंभीं कांहीं काळ ते न्यूयॉर्कच्या ११४ व्या रस्त्यावरील ‘कॉस्मोपॉलिटन क्लब’मध्यें राहत. हे क्लब १९०३ पासून विद्यापीठांतून निघूं लागले होते, आणि त्यांत देशोदेशींचे विद्यार्थी एकत्र राहत व जेवत. वंश आणि देश पाहून दार लावण्याची रीत तेथें नव्हती. पुढें भारतीयांची वस्ती वाढली, आणि १९९० नंतरच्या दशकांत तेथेंच वाढलेल्या दक्षिण आशियाई मुलांनीं स्वतःचीं ग्रीक अक्षरें घेतलीं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत १९९६ मध्यें ‘सिग्मा बीटा रो’, टेक्सासमध्यें १९९८ त ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ निघालें. आमच्या मित्राच्या मुलाला आलेलें बोलावणें जुन्या गोऱ्या मंडळाचें आहे. तीस-चाळीस वर्षांत दार तितकें उघडलें, हेंहि नमूद केलें पाहिजे.

आतां मुलाच्या आईची झोंप. तिकडे ज्याला ‘हेझिंग’ म्हणतात तें आपल्या ‘रॅगिंग’चें थोरलें भावंड आहे. मूळचा हा प्रकार मंडळांचा नव्हे; वरच्या वर्गानें खालच्या वर्गाला छळण्याची ती जुनी चाल. ती मंडळांच्या उमेदवारींत शिरली. १८७३ मध्यें कॉर्नेल येथें मॉर्टिमर लेगेट नांवाचा विद्यार्थी रात्रीं दीक्षेसाठीं नेला जात असतां दरीच्या कड्यावरून पडून मेला. त्याचे वडील सेनापति होते व पेटंट खात्याचे आयुक्त होते, म्हणून बोभाटा झाला; पण चाल थांबली नाहीं. पुढें ‘हेल वीक’ म्हणजे नरकसप्ताह हा शब्द रूढ झाला, आणि हळूहळू जाग्रण, मार व उठाबशा ह्यांची जागा दारूनें घेतली. दारू पिण्याचें वय तेथें एकवीस, उमेदवार बहुधा अठरा-एकोणीस वर्षांचा. म्हणजे सारें चोरून, आणि चोरून म्हणून घाईघाईनें. फेब्रुवारी २०१७ मध्यें पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांतील ‘बीटा थीटा पाय’च्या घरांत एका एकोणीस वर्षांच्या उमेदवाराला अशीच दारू पाजली. तो जिन्यावरून पडला. वैद्यकीय मदत बोलाविली ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं, सुमारें बारा तासांनीं. आणि पुढें तो दगावला. रात्रभर त्या घरांत माणसें होतीं. प्रत्येक जण त्याला भाऊ म्हणण्यास सिद्ध होता, आणि दार उघडण्यास कोणी तयार नव्हता, कारण दार उघडलें असतें तर गुपित बाहेर पडलें असतें. विल्यम्सबर्गच्या मुलांनीं ज्या गुप्ततेच्या आडून निर्भय बोलावयास आरंभ केला होता, तिच्याच आड येथें साधा टेलिफोन करण्याचें धैर्य गेलें.

नंतर पेनसिल्व्हेनियानें २०१८ मध्यें कडक कायदा केला, आणि डिसेंबर २०२४ मध्यें मध्यवर्ती सरकारचाहि कायदा झाला. त्यान्वयें विद्यापीठांनीं छळाच्या प्रकारांची नोंद ठेवून ती जाहीर केली पाहिजे. त्यापूर्वीं २०१४ मध्यें ‘सिग्मा अल्फा एप्सिलॉन’ ह्या मोठ्या मंडळानें उमेदवारीच बंद केली होती. ॲम्हर्स्टनें तर १९८४ मध्यें आपल्या आवारांतील भ्रातृमंडळेंच मोडून टाकलीं. आपण हंसण्याचें कारण नाहीं; महाराष्ट्रांत रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्यें करावा लागला, आणि आपल्या वसतिगृहांत ग्रीक अक्षरें कधींच नव्हतीं.

मित्राला आम्हीं लिहिलें तें एवढेंच: वर्गणी विचारा, विद्यापीठानें प्रसिद्ध केलेल्या नोंदींत त्या मंडळाचें नांव आहे काय तें स्वतः पाहा, मुलाला सांगा कीं नको म्हणावयाची पाळी आली तर भर रात्रींहि फोन करावा, त्याला कोणी रागावणार नाहीं. बाकी निर्णय त्याचा. पत्राच्या शेवटीं त्यांनीं ओझरती एक ओळ लिहिली होती, ती मात्र आमच्या मनांतून जाईना. “त्याच्या खोलींतल्या मित्राला कोणाचेंच बोलावणें आलें नाहीं,” अशी ती ओळ होती, “म्हणून हा जरा गप्पच आहे.” तिच्या उत्तरादाखल आम्हीं कूलिजची गोष्ट लिहून पाठविली.

त्यावर परवां पुन्हां चार ओळी आल्या. मुलानें काय ठरविलें तें वडिलांनाहि ठाऊक नाहीं. मुदतीच्या आदल्या संध्याकाळीं तो आणि त्याचा तो खोलींतला मित्र बरोबर जेवावयास बाहेर गेले होते, आणि परत आल्यावर फोन करतों असें तो आईला म्हणाला होता.